आलूचा रस्सा आणि डाळीचे राजकारण

महागाईची चर्चा आपल्या देशात बहुधा निर्देशांकांच्या भाषेत होते. घाऊक किमती इतक्या टक्क्यांनी चढल्या, किरकोळ किमती तितक्या टक्क्यांनी उतरल्या, असे आकडे दरमहा प्रसिद्ध होतात आणि त्यांवर विद्वानांचे वादही झडतात. शेतमजुराच्या घरात मात्र महागाईचे माप निराळे असते. ते माप म्हणजे चुलीवरचे पातेले. त्या पातेल्यात डाळ किती आणि पाणी किती, यावरून त्या घराची खरी मिळकत ओळखावी. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत आज त्या पातेल्यात आलूचा रस्सा वारंवार आढळतो. पुण्या-मुंबईकडे ज्याला बटाटा म्हणतात, तोच हा मराठवाड्याच्या आठवडी बाजारातला आलू. या जिल्ह्यांत त्याची म्हणण्यासारखी लागवड नाही. तो उत्तरेकडून येतो, नाहीतर मंचर-खेडच्या बाजूने येतो, आणि इथल्या गरिबाच्या ताटात मानाची जागा घेऊन बसतो. उलट ज्या डाळीची पेठ म्हणून लातूरचे नाव देशभर घेतले जाते, ती डाळ त्याच ताटातून हळूहळू उठून चालली आहे. ही घटना दिसते तितकी घरगुती नाही.

पक्षाच्या साप्ताहिकाने आलूच्या भाजीवर लिहावे काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. त्यांनी १९७२ साल आठवावे. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदी भगिनींनी महागाई प्रतिकाराची संयुक्त समिती उभी केली आणि हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, धान्य यांचा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून मंत्रालयाच्या दारात नेला. लाटणे हे त्या लढ्याचे चिन्ह झाले, कारण राज्यकर्त्यांच्या धोरणाचा हिशेब शेवटी लाटण्यापाशीच होतो, हे त्या भगिनींना पक्के ठाऊक होते. तेव्हा चूल हा राजकारणाबाहेरचा विषय नव्हे. दुसऱ्या बाजूला, गरीब कुटुंबे कुपोषित राहतात ती स्वयंपाकाच्या अज्ञानामुळे, त्यांना पाककृती शिकवल्या की झाले, असे मानणारा एक सुखवस्तू वर्ग आहे. त्याचे म्हणणे तर अधिकच घातक आहे. स्वस्त आणि पोटभर अन्न कसे शिजवावे याची चर्चा जरूर व्हावी. मात्र ती करताना पातेल्याखालचा जाळ आणि पातेल्यामागचा बाजार या दोहोंकडेही पाहिले पाहिजे.

आलू का शिजतो?

आलू स्वस्त आहे म्हणून गरीब तो खातो, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, बाजारात आलू २५ रुपये किलो, ज्वारी ४० रुपये किलो आणि तूरडाळ १४० रुपये किलो आहे. आहारशास्त्राच्या प्रचलित कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम आलूत सुमारे ९७ उष्मांक आणि दीड ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात. बाकी बहुतेक पाणी. तितक्याच ज्वारीत सुमारे ३५० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने, तर तूरडाळीत ३३५ उष्मांक आणि २२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एका रुपयाच्या आलूतून ३९ उष्मांक मिळतात आणि एका रुपयाच्या ज्वारीतून ८७. पोट भरण्याचा विचार केला तर ज्वारी आलूच्या दुपटीहून स्वस्त पडते. प्रथिनांचा विचार केला तर एक किलो आलूत जेवढी प्रथिने, तेवढी अवघ्या ७२ ग्रॅम डाळीत आहेत. डाळीचा भाव आलूच्या चौदापट होईपर्यंत प्रथिनांसाठी डाळच स्वस्त राहते. इथे तर तो सहापटही नाही. तात्पर्य, पोषणाच्या कोणत्याही एका तराजूत आलू सर्वांत स्वस्त ठरत नाही.

तरीही तो घेतला जातो, आणि घेणारी बाई अडाणी नसते. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात सायंकाळी हाती असतात ते मोजके पैसे. त्या पैशांत पाव किलो आलू, दोन कांदे आणि मूठभर मिरच्या येतात, आणि भाकरीसोबत पाच माणसांचे कोरड्यास होते. आलू चार दिवस नासत नाही. तो अर्ध्या तासाच्या आत शिजतो. डाळीचे तसे नाही. तिला जाळ अधिक लागतो, वेळ अधिक लागतो, आणि पाणीही चांगले लागते. विंधनविहिरीच्या जड पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही, हे मराठवाड्यातील प्रत्येक स्त्रीला अनुभवाने माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यात घागरीतल्या पाण्याचा हिशेब करणारी बाई डाळ भिजत घालील की आलू चिरील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. लहान मुलेही आलूची भाजी तक्रार न करता खातात. तेव्हा आलू वाचवतो ते एकूण पैसे नव्हेत. तो वाचवतो जळण, पाणी, वेळ आणि त्या दिवसाची रोकड. या चारही गोष्टींची चणचण ज्या घरात कायमची, त्या घरात आलूही कायमचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून कठीण. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या डोंगराळ आणि कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटेच्या अंधारात भाकरी थापून फडात पोहोचायचे, तर एका भांड्यात झटपट होणारे तेच शिजते. तिकडे लातूर आणि नांदेड शहरांत शिकवणीसाठी आलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या मेसचा कारभारही याच न्यायाने चालतो. इतर भाज्यांचे भाव कडाडले की डब्यातला आलू वाढतो आणि वरण पातळ होते. फडातला कोयता आणि खोलीतला विद्यार्थी यांना जोडणारा हा एक समान धागा आहे.

त्याच पैशांत अधिक काय शिजेल?

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. आहे त्या पैशांत आणि आहे त्या जळणात त्याच पातेल्यातून अधिक सत्त्व काढता येईल काय? येईल, आणि तो मार्ग मराठवाड्याच्या जुन्या स्वयंपाकातच आहे.

पाच माणसांच्या कुटुंबासाठी एक किलो आलूचा नुसता रस्सा केला तर वरील भावाने मसाला-तेल सोडून २५ रुपये लागतात आणि १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. आता आलू अर्धा किलोच घ्यावा आणि त्यात सव्वाशे ग्रॅम बेसन पेरावे. बेसन १०० रुपये किलो धरले तर खर्च तोच २५ रुपये. प्रथिने मात्र ३४ ग्रॅम. बेसनाऐवजी १०० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट घातले, आणि शेंगदाणे १४० रुपये किलो धरले, तर दीड रुपया अधिक लागतो आणि प्रथिने ३३ ग्रॅमच्या घरात जातात. अर्धा किलो आलूबरोबर दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजवली तर साडेआठ रुपये जास्त पडतात, पण प्रथिने ४१ ग्रॅम होतात. यातले भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतील. हिशेबाची दिशा बदलणार नाही. आलू एकटा शिजवला तर तो पोटाला थोपवून धरतो. डाळीच्या, बेसनाच्या किंवा शेंगदाण्याच्या सोबतीने शिजवला तर तो थोडी डाळ पाच जणांना पुरवतो. त्याचे खरे काम हे दुसरे आहे.

आपल्याकडील येसराची आमटी हे याचे उत्तम उदाहरण. धान्ये, डाळी आणि मसाला भाजून दळलेले येसर घरात असले की दोन-तीन चमचे येसर पाण्यात कालवून आलूच्या फोडींवर सोडावे. रस्सा दाट होतो, चव येते, आणि डाळ शिजवण्याचे जळणही वाचते. वर्षातून दोनदा करून ठेवलेले येसर म्हणजे गरिबाने वेळेची केलेली साठवणच होय. धपाट्याच्या मिश्र पिठात उकडलेला आलू कुस्करून मिसळला तर तेल कमी लागते आणि धपाटे मऊ राहतात; ते दुपारच्या न्याहरीला शेतात नेता येतात. मेथी, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला यांपैकी जी पालेभाजी बांधावर किंवा बाजारात स्वस्त मिळेल, ती आलूत घातली तर त्याच्यात नसलेले लोह आणि इतर सत्त्वे त्यातून मिळतात. आलू सालीसकट उकडावा, उकडलेले पाणी फेकून न देता रश्शात घ्यावे. हिरवट पडलेला किंवा मोड फुटलेला आलू बाजारात कमी भावाने मिळतो. तो घेण्याचा मोह टाळावा, कारण त्या हिरवेपणाबरोबर विषारी द्रव्यही वाढते. घरात निघालाच तर हिरवा भाग आणि मोड खोलवर कापून टाकावेत.

आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. ज्या घरात २५ रुपये किलोचा आलू मोजून घेतला जातो, त्याच घरातले मूल टपरीवर पाच रुपयांची वेफर्सची पुडी मागते. त्या पुडीत जेमतेम मूठभर काप असतात. किलोच्या हिशेबाने तो भाव चारशे रुपयांच्या आसपास जातो. तोच आलू, तेच तेल, पण चकचकीत पिशवीत शिरल्यावर त्याची किंमत पंधरा-सोळा पटीने वाढते आणि त्या वाढीतला नगण्य हिस्सा शेतकऱ्याकडे जातो. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर मजुरीवर असलेली आई दुपारी मुलाला काही करून घालू शकत नाही, आणि तिच्या या अडचणीवरच तो सारा धंदा उभा आहे.

तुराट्या चुलीत, तूर बाजारात

आता प्रश्न उरतो तो डाळीचा. तुरीच्या प्रदेशात डाळ महाग का?

जुन्या व्यवस्थेत सालगड्याला मजुरीचा काही भाग धान्याच्या रूपाने मिळे. त्या व्यवस्थेत शोषण होते, वेठ होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्या धान्याबरोबर घरात थोडीबहुत तूर आणि हरभरा येत असे आणि बाया जात्यावर डाळ भरडून वर्षाची बेगमी करीत. पुढे मजुरी रोखीत आली, हे योग्यच झाले. परंतु त्याच काळात शेतातील पिकेही बदलली. गेल्या तीन दशकांत खरिपातील ज्वारी मागे हटली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनमध्ये प्रथिने तुरीच्या जवळजवळ दुप्पट. पण ते घरच्या चुलीवर डाळीसारखे शिजत नाही. ते तेलगिरणीत जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे जिल्ह्याच्या शिवारात पूर्वीपेक्षा अधिक प्रथिने पिकतात आणि जिल्ह्याच्या मजुराच्या ताटात मात्र ती येत नाहीत. तुरीची गतही फार निराळी नाही. दाणे हंगामातच देणी भागवण्यासाठी बाजारात जातात, उरतात त्या तुराट्या. तुराट्यांच्या जाळावर आलू शिजतो आणि तीच तूर चार-सहा महिन्यांनी डाळ होऊन, दलाली, गिरणी, वाहतूक आणि साठेबाजीचे ओझे घेऊन, किराणा दुकानात परत येते.

या व्यवहारात शेतकरी तरी सुखी आहे काय? २०१५ साली तूरडाळ किलोमागे २०० रुपयांपर्यंत चढली आणि सामान्य माणसाच्या घरातून वरण नाहीसे झाले. त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी तुरीचा पेरा वाढवला, पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ च्या हंगामात बोनससह हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये असताना खुल्या बाजारातले भाव त्याच्या खूप खाली कोसळले. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, गोदाम नाही, म्हणून वाहनांच्या रांगा लागल्या आणि २०१७ च्या उन्हाळ्यात शेतकरी दिवसेंदिवस तूर घेऊन ताटकळले. एका वर्षी खाणारा नागवला गेला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. दोन्ही वर्षी ज्याच्यापाशी गोदाम आणि भांडवल होते, त्याचे मात्र नुकसान झाले नाही. मे २०२१ मध्ये सरकारने तुरीची आयात मुक्त केली. भाव चढले की आयात आणि पडले की मौन, असे हे धोरण आहे. त्याने ग्राहकाला स्थिर भाव मिळत नाही आणि शेतकऱ्याला पेरणीचा भरवसा राहत नाही.

याच संदर्भात २०२० सालच्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या दुरुस्तीचे स्मरण ठेवले पाहिजे. बटाटा, कांदा, डाळी, तेलबिया आणि खाद्यतेल यांच्या साठ्यांवर एरवी मर्यादा घालायची नाही, असे त्या दुरुस्तीत ठरले. बागायती मालाचा किरकोळ भाव दुप्पट होईपर्यंत आणि डाळींसारख्या टिकाऊ मालाचा दीडपट होईपर्यंत सरकारने हात बांधून बसावे, असा त्याचा अर्थ होता. गरिबाच्या पातेल्यातील आलू आणि डाळ दोन्ही एकाच कलमाने साठेबाजाच्या हवाली केली गेली. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनाने २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घ्यावे लागले. हा विजय शेतकऱ्यांचा होता, तसाच तो चुलीपाशी बसलेल्या बाईचाही होता. तिला तो कोणी समजावून सांगितला नाही, ही चळवळीची उणीव.

आयर्लंडचा धडा

आलूवर जगणाऱ्या गरिबांचा एक इतिहास जगासमोर आहे. फ्रेडरिक एंगल्स याने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला. मजुरी जसजशी कमी होत जाते तसतसे ताटातून मांस जाते, मग इतर पदार्थ जातात, आणि तळच्या पायरीवरील आयरिश मजुराच्या ताटात केवळ बटाटा उरतो, असे त्याने त्यात दाखवले आहे. त्याच वर्षी आयर्लंडमधील बटाट्यावर करप्याचा रोग पडला. १८४५ ते १८४९ या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागली. आयर्लंडच्या शेतांत त्या वर्षांतही धान्य पिकत होते आणि बंदरांतून ते इंग्लंडला जात होते. आयरिश कुळाने धान्य आणि जनावरे विकून जमीनदाराचा खंड भरायचा आणि आपण बटाट्यावर जगायचे, अशी ती व्यवस्था होती. करपा हे निमित्त झाले; माणसे मेली ती खंडाच्या आणि व्यापाराच्या व्यवस्थेने.

मराठवाड्याची तुलना आयर्लंडशी जशीच्या तशी करणे अतिशयोक्तीचे होईल. इथल्या मजुराला रेशनचे धान्य मिळते, त्याचे मुख्य अन्न भाकरी-भात आहे, आलू हे त्याचे तोंडीलावणे. परंतु उत्तम ते विकायचे आणि स्वस्त ते खायचे, ही त्या व्यवस्थेची रीत ओळखीची वाटावी अशी आहे. कर्ज, खत, बियाणे आणि शाळेची फी भागवण्यासाठी तूर विकणारा कोरडवाहू शेतकरी आणि खंडासाठी धान्य विकणारे आयरिश कूळ यांच्यात नात्याचा एक दुवा निश्चित आहे.

उष्मांकांचा हिशेब आणि माणसाचा हिशेब

ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले. सरकारपक्ष पंधरा आणे म्हणत राहिला. त्या वादाने दारिद्र्याचा हिशेब संसदेच्या वेशीत आणला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरून दारिद्र्याची व्याप्ती मोजली; १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये ही त्यांची रेषा होती. तो अभ्यास मोलाचा होता यात शंका नाही. पण उष्मांकांच्या मापाला एक मर्यादा आहे. तांदूळ, गहू आणि आलू यांनी उष्मांक भरून निघतात. डाळ, दूध, अंडे ताटात नसले तरी ते कुटुंब कागदावर रेषेच्या वर जाऊ शकते. प्रथिनांना आणि स्निग्धांशांना दारिद्र्यरेषेच्या हिशेबात स्पष्ट स्थान मिळाले ते २०१४ च्या रंगराजन समितीच्या अहवालात.

सार्वजनिक अन्नवितरणातही हाच दोष राहिला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. हा हक्क लढून मिळालेला आहे आणि तो टिकवलाच पाहिजे. परंतु त्या कायद्यात डाळ नाही. टाळेबंदीच्या काळात २०२० साली प्रत्येक शिधापत्रिकेमागे महिना एक किलो डाळ वा हरभरा देण्यात आला. म्हणजे देणे शक्य आहे हे सिद्ध झाले, आणि मग ते बंद झाले. दिवाळी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल यांचा शिधा वाटला. सणासुदीला पिशवी देणे आणि रोजच्या जेवणाचा हक्क देणे यांत दान आणि न्याय यांच्याइतके अंतर आहे. तमिळनाडूने २००७ पासून रेशन दुकानांतून तूरडाळ सवलतीने देण्याची व्यवस्था केली. तिथे किलोला ३० रुपये हा भाव दीर्घकाळ टिकवला गेला. जे राज्य तूर पिकवण्यात महाराष्ट्राच्या पासंगालाही पुरत नाही, त्याला जे साधले, ते तुरीच्या राज्याला साधू नये?

शाळेच्या खिचडीचीही गोष्ट अशीच. प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. डाळ-भाजी-तेलासाठी डिसेंबर २०२४ पासून मुलामागे दिवसाला ६ रुपये १९ पैसे ठरवण्यात आले. इतक्या पैशांत भाजी म्हणजे बहुधा आलूच. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवून अंड्याची जबाबदारी लोकवर्गणीवर टाकली. मजुराच्या मुलाच्या अंड्यासाठी मजुरानेच वर्गणी काढावी, हा न्याय कोणता?

नांदेडची पंगत

एकत्र शिजवण्याची एक थोर परंपरा नांदेडमध्येच आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात लंगर अखंड चालतो. तिथे जात विचारली जात नाही, पत विचारली जात नाही; सर्वांनी एका पंगतीत बसायचे आणि डाळ-रोटी-भाजी खायची. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडला अडकून पडले तेव्हा त्यांच्या अन्नाचा भार याच परंपरेने उचलला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही लंगराकडे पाहण्यासारखे आहे. एका चुलीवर पाचशे माणसांची डाळ शिजते तेव्हा माणशी जळण, पाणी आणि श्रम घरच्या चुलीच्या तुलनेत कितीतरी कमी लागतात. म्हणूनच लंगरात डाळ परवडते. डाळ गरिबाला जड जाते ती निव्वळ तिच्या भावामुळे नव्हे, तर ती शिजवण्याचा सारा बोजा एकेकट्या चुलीवर आणि एकेकट्या बाईवर पडतो म्हणूनही. त्या बाईची पाळी शेवटी येते. तोवर पातेल्याच्या तळाशी रस्साच उरलेला असतो. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत, याचे मूळ या शेवटच्या पंगतीतही आहे.

२६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी हा सरकारी पातळीवरचा असाच एक प्रयत्न. दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे तिचे स्वरूप ठरले आणि ग्राहकाकडून १० रुपये घ्यायचे ठरले. तिच्यात त्रुटी असतील. पण वरणाची वाटी तिच्यात नियमाने लिहिलेली आहे, हे महत्त्वाचे. कष्टकऱ्याच्या ताटात डाळ असली पाहिजे, हे तत्त्व सरकारने एकदा मान्य केले आहे. आता ते कार्यकर्त्यांनी घट्ट धरून ठेवले पाहिजे.

यापुढे काय करावे?

पहिली मागणी ही की, प्रत्येक शिधापत्रिकेवर महिन्याला किमान एक किलो तूर वा चणाडाळ कायम हक्क म्हणून मिळावी. दुसरी, ती डाळ जिल्ह्यातच हमीभावाने घेतलेल्या तुरीची आणि हरभऱ्याची असावी. लातूरला गिरण्या आहेत, गोदामे आहेत, माल आहे. तूर इथे घ्यावी, इथेच भरडावी आणि इथल्याच दुकानांतून द्यावी. त्याने शेतकऱ्याला खात्रीचा ग्राहक मिळेल आणि मजुराला खात्रीचा भाव. तिसरी, शालेय पोषण आहाराचा खर्च बाजारभावाशी जोडावा आणि अंड्याचा निधी पूर्ववत करावा. चौथी, ऊसतोडीच्या तळांवर हंगामापुरती सामुदायिक स्वयंपाकघरे कारखान्यांच्या खर्चाने चालावीत.

मागण्यांबरोबर रचनात्मक कामही हवे. गावोगावच्या बचतगटांनी जानेवारी-फेब्रुवारीत, तूर स्वस्त असते तेव्हा, एकत्र खरेदी करावी. एक क्विंटल तुरीतून सत्तरेक किलो डाळ निघते आणि चुनी-भुसा जनावरांना होतो. दहा कुटुंबांनी मिळून दोन क्विंटल तूर भरडून घेतली तर घरटी चौदा किलो डाळ येते; महिन्याला किलोभर धरली तर वर्ष निघून वर दोन किलो उरतात. त्यासाठी लागणारे भांडवल गटाने किंवा सहकारी पतसंस्थेने द्यावे आणि कुटुंबांनी ते महिन्याच्या हप्त्याने फेडावे. रोजची रोकड नाही म्हणून डाळ नाही, ही अडचण त्यातून काही अंशी सुटेल. गटाच्या बैठकीत येसर, कूट आणि बेसन घातलेल्या आलूचा हिशेबही मांडावा. मात्र शिकवण्याच्या आविर्भावात नव्हे, तर बायांकडून ऐकून घेऊन. त्यांनी आजवर ज्या पैशांत घरे चालवली, त्या पैशांत अर्थमंत्र्याला एक आठवडा काढता येणार नाही.

आलूशी कोणाचे वैर नाही. त्याने अडीअडचणीला गरिबाची लाज राखली आहे, आणि पुढेही राखील. पण लाज राखणे आणि अंगी बळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुरीच्या गावात तूर पिकवणाऱ्या हातांना डाळ मिळावी, एवढीच ही मागणी आहे. ती भीक नव्हे. ती त्यांच्याच घामाची परतफेड आहे. आलू रश्शात जरूर असावा, परंतु डाळीच्या शेजारी असावा, तिच्या जागी नव्हे. तसा तो येईपर्यंत महागाईविरुद्धची लढाई संपली, असे समाजवाद्यांनी मानू नये.